खिशातला चाकू घेताना अवजारं मोजू नका, थर मोजा

माझा पहिला ‘स्विस’ चाकू मी मुंबईत एका स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर घेतला. लाल मूठ, वर पांढरा क्रॉस, आत मोजून पंधरा अवजारं. घरी येऊन पार्सलचा टेप कापला आणि त्याच खुशीत काकडी चिरायला घेतली. पातं काकडीत अडकलं, मी टोक जरा जोरात रेटलं आणि ते उलटं मिटलं ते थेट तर्जनीवर. दोन टाके पडले. “काय कापत होतात?” असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा “काकडी” म्हणताना फार लाजल्यासारखं झालं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. अस्सल घ्यायचा तर सगळ्यात मोठाच, म्हणून व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा स्विसचॅम्प घेतला. ३३ कामं, १८५ ग्रॅम वजन, जाडी सव्वा इंचाच्या वर. पँटचा खिसा एका बाजूला ओघळायचा, बसलं की मांडीत रुतायचा. तिसऱ्या आठवड्यात तो स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये गेला. आईने त्याची सगळी पाती एकेक उघडून पाहिली आणि म्हणाली, “एवढ्यात माझी विळी काय वाईट?”

दोन्ही वेळा मी अवजारं मोजून चाकू घेतला होता. दिवसभरात आपल्याला काय काय कापावं, उघडावं, पिळावं लागतं हे एकदाही मोजलं नव्हतं. म्हणून दुकानात जाण्याआधीचं पहिलं काम कागद-पेन्सिलीचं आहे.

आधी दहा दिवस चिठ्ठी ठेवा

खिशात एक चिठ्ठी ठेवा, किंवा मोबाइलमध्ये नोंद करा. “आत्ता हाताशी काहीतरी हवं होतं” असं वाटेल त्या प्रत्येक वेळी एक ओळ लिहायची. काय काम होतं आणि तुम्ही ते शेवटी कशाने केलं: दाताने, किल्लीने, नखाने की शेजारच्या टेबलावरून कात्री मागून.

माझ्या चिठ्ठीत दुधाची पिशवी होती, शॅम्पूची पुडी होती, नव्या शर्टाचा प्लॅस्टिकचा टॅग, कुरिअरचा टेप, उसवलेल्या बाहीचा लोंबणारा दोरा, चष्म्याचा सैल झालेला स्क्रू, प्लगचा स्क्रू, बोटात गेलेला करवंदीचा काटा. ज्वारीच्या पोत्याची शिवणही होती, पण ती मी खोडली, कारण त्या साखळीच्या टाक्याचं योग्य टोक धरून ओढलं की सगळी शिवण आपोआप सुटते, चाकू लागतच नाही. चिठ्ठीतल्या निम्म्याहून जास्त ओळी कात्रीच्या निघाल्या. मोठ्या पात्याची म्हणावी अशी कामं दोन-तीनच, तीही रविवारी डोंगरात.

तुमची चिठ्ठी वेगळी येईल. वायरिंगचं काम करणाऱ्याच्या चिठ्ठीत पक्कड वरचेवर येईल, बागेत रमणाऱ्याच्या चिठ्ठीत करवत. ती चिठ्ठी दुकानात घेऊन जायची.

दोन घराणी

बाजारात मुळात दोन घराणी आहेत आणि त्यांच्या जन्मकथा कळल्या की कोणाकडून काय अपेक्षा ठेवायची तेही कळतं.

पहिलं स्विस. कार्ल एल्सनर याने १८८४ साली स्वित्झर्लंडमधल्या इबाख इथे कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. सैनिकाच्या त्या चाकूत पातं, आरी, डबा उघडणी आणि रायफल खोलायला स्क्रू ड्रायव्हर, एवढंच होतं. आपण ज्याला स्विस चाकू म्हणतो तो त्याने १८९७ मध्ये केलेल्या अधिकाऱ्यांच्या चाकूचा वंशज. त्यातली खुबी स्प्रिंगमध्ये आहे. पाठीतली एकच पोलादी पट्टी दोन्ही बाजूंची अवजारं दाबून धरते, त्यामुळे पट्ट्या कमी लागल्या आणि चाकू बारीक राहिला. (आई व्हिक्टोरियाच्या नावावरून ‘व्हिक्टोरिया’, आणि १९२१ मध्ये स्टेनलेस पोलाद आल्यावर त्याला ‘इनॉक्स’ जोडून व्हिक्टोरिनॉक्स.)

दुसरं घराणं अमेरिकन. टिम लेदरमन १९७५ मध्ये बायकोबरोबर एका जुन्या फियाट गाडीतून युरोप फिरत होता. गाडी सतत बिघडायची. खिशात चाकू होता, पण पक्कड नव्हती. त्या चरफडीतून त्याने पक्कड मध्ये ठेवून बाकी अवजारं तिच्या दांड्यांत मिटवली. ओरेगनमधल्या पोर्टलंडला १९८३ मध्ये कंपनी सुरू झाली.

सांगायचं असं की पहिलं घराणं चाकूभोवती उभं आहे, दुसरं पकडीभोवती. चिठ्ठीत नट, तार, गरम भांडं, अडकलेली खिळी अशा ओळी असतील तर पक्कडवालं अवजार घ्या आणि वजन मान्य करा. लेदरमनचा वेव्ह प्लस २४१ ग्रॅम भरतो, सुटसुटीत केलेला स्केलेटूल १४२ ग्रॅम. वेव्ह पँटच्या खिशात ठेवून लोकलने जाऊन बघा एकदा. तो कमरेच्या पाऊचमध्ये, बाइकच्या डिकीत किंवा गाडीच्या कप्प्यात शोभतो. पक्कडवाल्या ओळी नसतील तर स्विस घराण्यातच राहा. पुढचं सगळं मुख्यतः त्याबद्दल आहे.

थर कसे मोजायचे

चाकू उभा धरा आणि पाठीकडून पाहा. जितक्या स्प्रिंगच्या पट्ट्या दिसतील तितके थर. प्रत्येक थर म्हणजे सुमारे अडीच-तीन मिलिमीटर जाडी आणि पंधरावीस ग्रॅम वजन. जाहिरातीत ‘१४ कामं’, ‘३३ कामं’ असं लिहितात, त्यात चावीची कडी आणि दातकोरणंही मोजलेलं असतं. त्या आकड्यावरून खिशाला काय वाटेल ते कळत नाही. थरांवरून कळतं.

लांबीची मापं ठरलेली आहेत. मिटलेला चाकू बहुतेक वेळा ५८, ८४, ९१, ९३ किंवा १११ मिलिमीटर. ५८ चा क्लासिक एसडी म्हणजे करंगळीएवढा, वजन २० ग्रॅमच्या आसपास. त्यात छोटं पातं, कात्री, नखांची कानस (तिचं टोक म्हणजेच छोटा स्क्रू ड्रायव्हर), चिमटा आणि दातकोरणं. ९१ मध्ये दोन थरांचा स्पार्टन ६० ग्रॅमच्या आसपास. त्यात कात्रीचा एक थर वाढवला की क्लायंबर, ८० ग्रॅमच्या थोडा वर. त्यात करवतीचा आणखी एक थर वाढवला की हंट्समन, शंभराच्या जवळ.

माझ्या खिशाची सहनशक्ती तीन थरांवर संपते. चौथा थर आला की मी चाकू घरी विसरायला लागतो आणि घरी विसरलेल्या चाकूतली करवत कितीही सुंदर असली तरी ती घरीच असते. मित्राला हंट्समन वर्षानुवर्षं जड वाटलेला नाही. तो बॅग वापरतो, मी खिसा.

अजून ठरत नसेल तर बाजारातून काही न आणता एक प्रयोग करा. पाच रुपयांची जाड नाणी चिकटपट्टीने गुंडाळून ८०-९० ग्रॅमची गुंडाळी करा (वाण्याच्या काट्यावर तोलून घ्या) आणि आठवडाभर खिशात घेऊन हिंडा. चौथ्या दिवशी तुम्ही ती काढून ठेवली, तर उत्तर मिळालं.

एकेक अवजार

कात्री ही माझ्या मते या सगळ्या प्रकारातली खरी चीज आहे. दुधाच्या पिशवीचा कोपरा चाकूने कापला तर धार अंगावर येते, कात्रीने कापला तर पातेल्यात. औषधाची पट्टी, बँडेज, हाराचा दोरा, नख, सगळं कात्रीचं. आणि एक सामाजिक फायदा: ऑफिसात पातं उघडलं की आजूबाजूचे दचकतात, कात्री उघडली की “मला पण दे” म्हणतात. कात्री नसलेला चाकू घेणार असाल तर चिठ्ठी पुन्हा वाचा.

डबा उघडणीकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण आपल्याकडे हवाबंद डबे येतात ते रसगुल्ल्याचे किंवा आमरसाचे, वर्षातून चारदा. पण तिचं ३ मिलिमीटरचं चपटं टोक हे सगळ्यात जास्त चालणारं स्क्रू ड्रायव्हर आहे. ते चौफुलीच्या, म्हणजे ‘+’ आकाराच्या, खाचेतही नीट बसतं, त्यामुळे स्विचबोर्ड, खेळण्याचं बॅटरीचं झाकण, बिजागरी, सगळं निघतं. विजेचं काही खोलताना मात्र मेन स्विच बंद करा. मूठ प्लॅस्टिकची दिसली तरी पाठीवर पोलाद उघडं असतं, करंट ती अडवत नाही.

बाटली उघडणीच्या टोकाला ६ मिलिमीटरचा मोठा स्क्रू ड्रायव्हर आणि मुळाशी वायर सोलायची खाच असते.

वाइनचं बूच काढायचा पिळाचा स्क्रू (स्पार्टन, क्लायंबर, हंट्समन या तिन्हींत असतो) मला वाया गेलेली जागा वाटायचा. नंतर दोन उपयोग सापडले. ओल्या सुंभाची किंवा नायलॉनच्या दोरीची आवळलेली गाठ त्याचं टोक घुसवून फिरवलं की ढिली होते. दुसरं म्हणजे कंपनीचा एक चिमुकला स्क्रू ड्रायव्हर सुटा मिळतो, तो त्या पिळाच्या आत फिरवून बसतो. तो चष्म्यासाठी. चष्मा लावणाऱ्यांनी एवढ्यासाठीसुद्धा पिळाचा चाकू घ्यावा. ज्यांना चौफुली स्क्रू रोजच लागतात त्यांनी टिंकर घ्यावा. त्यात पिळाऐवजी चौफुली स्क्रू ड्रायव्हर असतो.

आरीबद्दल जरा सविस्तर, कारण तिने मला एकदा गडावरून खाली आणलंय. राजगडाच्या गुंजवण्याच्या वाटेने उतरताना एका सोबत्याच्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि जिभेसारखा लोंबायला लागला. ९१ मिलिमीटरच्या चाकूतल्या आरीला सुईसारखं नेढं असतं. जाड नायलॉनचा दोरा नेढ्यात ओवला. पहिलं भोक पाडलं, आतून दोऱ्याचं टोक वीतभर बाहेर ओढून घेतलं आणि आरी मागे काढली. दुसरं भोक पाडलं, आरी आतपर्यंत ढकलून किंचित मागे घेतली, की नेढ्यापाशी दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. त्या फासातून मघाचं सुटं टोक ओवायचं, आरी पूर्ण बाहेर काढायची आणि दोन्हीकडून दोरा आवळायचा. चांभाराचा टाका तो हाच. नऊ टाक्यांत बूट पायथ्याच्या गावापर्यंत आला. एकच सावधगिरी: आरी सरळ रेषेत ढकलायची. तिरका जोर पडला की ती मिटते आणि मध्ये तुमचं बोट असतं.

करवत अंगठ्याएवढ्या जाड ओल्या फांदीपर्यंत सुरेख चालते. त्यापुढे कोयता. चिमट्याची किंमत बाभळीच्या काट्यानंतर कळते.

मोठ्या पात्याबद्दल सांगण्यासारखं कमी आहे. ९१ च्या चाकूचं पातं सुमारे ७ सेंटिमीटर असतं, कांदा-टोमॅटो, पेरू, दोरी, खोका यांना ते पुरतं. साधी धार घ्या, दातेरी नको, कारण दातेरी पातं घरी दगडावर नीट लागत नाही. आणि चाकूने करू नयेत अशी कामं ठरवून टाका: शहाळं फोडणं, पत्र्याचं झाकण उचकटणं, आंब्याची कलमं बांधणं. कलमाला एकाच बाजूने धार लावलेला वेगळा चाकू लागतो.

खटका हवा का?

या छोट्या चाकूंचं पातं फक्त स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं, खटक्याने पक्कं अडकत नाही. अडकणारं पातं १११ च्या बऱ्याच चाकूंत आणि लेदरमनच्या मोठ्या अवजारांत मिळतं. रोज जोर लावून कापणाऱ्यांना ते बरं. बाकीच्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की टोकाने खुपसायचं नाही आणि पात्याच्या पाठीवर दाब द्यायचा नाही, कापताना दाब नेहमी धारेच्या दिशेने. फुटपाथवरच्या चाकूची स्प्रिंग मेलेली होती हे खरं, पण टोक रेटणं ही चूक माझी होती.

दुकानात काय बघायचं

नकली माल इतका आहे की डब्यावर आणि क्रॉसवर विश्वास ठेवू नका. पातं उघडून मुळाशी पाहा, कंपनीचं नाव आणि स्वित्झर्लंडचा उल्लेख खोल, स्वच्छ कोरलेला हवा. प्रत्येक अवजार उघडून मिटा. उघडताना आणि मिटताना ‘टक्’ असा ठाम आवाज यायला हवा. एखादं अवजार गुपचूप बसलं तर नको. पातं उघडं धरून आडवं हलवा, डुगडुगता कामा नये. मिटलेला चाकू उजेडासमोर धरा, थरांमधून प्रकाशाची रुंद फट दिसली तर परत द्या. शेवटी खिशातली पातळ प्लॅस्टिकची पिशवी काढून कात्रीने कापा. नकली कात्री प्लॅस्टिक कापत नाही, दुमडून चावत बसते. दुकानदार कुरकुरला तरी चालेल.

ऑनलाइन घेत असाल तर विक्रेता कंपनीचा अधिकृत आहे ना ते बघा आणि वजन तपासा. ५९ ग्रॅमचा चाकू ८० ग्रॅम भरला तर तो दुसराच कोणीतरी आहे. मुठीत मुख्यतः प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम असे दोन प्रकार येतात. ॲल्युमिनियमची मूठ पातळ आणि दणकट, पण तिच्यात सहसा चिमटा आणि दातकोरण्याची जागा नसते.

कायदा आणि तपासणी

१९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, आणि त्यातूनही निव्वळ घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळलेले आहेत. आपला चाकू त्याच्या जवळपासही नाही. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. सणासुदीला, निवडणुकीत, मोर्चाच्या दिवसांत पेपरात ‘जिल्ह्यात शस्त्रबंदी’ अशी छोटी बातमी येते ना, ती महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) खालच्या आदेशाची असते आणि त्या कलमात चाकूचं नाव स्पष्ट आहे. असे आदेश वरचेवर निघतात. त्यामुळे मिरवणूक, सभा, कोर्ट, मतमोजणी अशा ठिकाणी जाताना चाकू घरी ठेवा. बटण दाबताच आपोआप उघडणारा चाकू तर हौस म्हणूनही घेऊ नका.

विमानात केबिन बॅगेत पातं चालत नाही, चेक-इन बॅगेत चालतं. किल्लीला लावलेला क्लासिक विसरून सुरक्षा रांगेत उभे राहिलात तर तो तिथेच राहतो. मी असा एक घालवलाय. तेव्हापासून प्रवासाच्या आदल्या रात्री तो किल्लीतून काढून थेट बुटात ठेवतो, म्हणजे बूट घालताना आठवण होते. मेट्रो, मॉल, मोठी देवळं, जिथे स्कॅनर आहे तिथे हुज्जत न घालण्याची तयारी ठेवा.

लंडनमधल्या मुलासाठी किंवा भावासाठी भेट म्हणून नेत असाल तर एक लक्षात ठेवा: ब्रिटनमध्ये न अडकणारं, मिटणारं आणि ३ इंचांपर्यंत धारेचं पातं विनाकारणही जवळ बाळगता येतं. अडकणाऱ्या पात्याला योग्य कारण द्यावं लागतं. म्हणजे तिथे क्लायंबर चालतो, वेव्ह अडचणीत आणतो.

घेतल्यानंतर

आपल्याकडची दमट हवा, लिंबू, कैरी आणि घाम यांपुढे स्टेनलेस पोलादही डागाळतं. फळ कापल्यावर पातं पुसून मिटा. समुद्रावरून आलात तर गोड्या पाण्याने धुवा. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून त्यातच सगळी अवजारं दहा-बारा वेळा उघडमीट करा, खिशातल्या कापसाची काळी लड बाहेर येते ती बघण्यासारखी असते. मग उन्हात खडखडीत वाळवून प्रत्येक सांध्यात तेलाचा एक थेंब. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं नको, ते चिकटतं आणि खवट होतं. शिलाई मशीनचं तेल खाण्याच्या पात्याला नको. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन चांगलं.

धारवाल्याच्या चाकावर हे पातं देऊ नका. चाक दोन मिनिटांत इतकं पोलाद खातं की पात्याचा आकारच जातो, वर ते तापतं. हे पोलाद मुद्दाम फार कठीण ठेवलेलं नसतं. ते लवकर बोथट होतं, पण तितक्याच लवकर धार घेतं. बारीक दाण्याचा दगड ओला करा, पातं आडवं ठेवून पाठ पंधरा-वीस अंश उचला, आणि दगडावरून पातळ साल काढतोय अशा हाताने दोन्ही बाजू आळीपाळीने दहा-दहा वेळा. दगड नसेल तर चिनीमातीचा कप पालथा घाला. तळाची जी खरखरीत, न चकाकणारी कडा असते तिच्यावर हीच हालचाल करा. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापला गेला की झालं.

माझ्या किल्लीला आता क्लासिक असतो आणि शनिवार-रविवारच्या सॅकमध्ये क्लायंबर. स्विसचॅम्प अजून आईच्या ड्रॉवरमध्ये आहे, त्यातलं भिंग ती औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचायला वापरते.

दातकोरणं आणि चिमटा मात्र हरवतातच. दोन्ही सुटे मिळतात, मागताना चाकू ५८ चा की ९१ चा ते सांगा, मापं वेगळी आहेत. माझं तिसरं दातकोरणं चालू आहे. आजोबांच्या चंचीत अडकित्ता, चुनाळं आणि चांदीचं दातकोरणं-कानकोरणं असायचं. ते अजून घरात आहे, कारण त्यांनी ते साखळीला अडकवलं होतं.